ॲड्रियामायसिन आणि उंदरांचे मूत्रपिंड: जनुकीय प्रवणता तपासण्याची पायरीवार पद्धत

ॲड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, हे कर्करोगावरचे औषध बाल्ब/सी जातीच्या उंदराला शेपटीच्या शिरेतून एकदाच दिले, तर आठवड्याभरात त्याच्या लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन वाहू लागते आणि महिन्याभरात मूत्रपिंडातील ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके, जागोजागी कठीण झालेले दिसतात. तेवढीच मात्रा सी५७बीएल/६ जातीच्या उंदराला दिली, तर त्याच्या मूत्रपिंडाला जवळजवळ काहीच होत नाही. हा फरक जनुकीय आहे हे ठाऊक असूनही त्यावरचे प्रयोग वारंवार फसतात, आणि फसण्यामागे बहुधा कामाचा उलटा क्रम असतो. आधी मात्रा ठरते, मग प्राणिगृहात असतील ते उंदीर घेतले जातात, परिणाम दिसला नाही की मात्रा वाढवली जाते, आणि उंदरांची जनुकीय पार्श्वभूमी शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारल्यावर तपासली जाते. पुढे दिलेला क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे: जनुकप्ररूप (उंदरात जनुकाचे कोणते रूप आहे ते) आधी, मात्रा त्यानंतर आणि सुई सर्वांत शेवटी.

हा लेख प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. शिरेतून इंजेक्शन देणे, रक्त घेणे या गोष्टी ज्यांनी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली शिकलेल्या नाहीत, त्यांनी ते शिक्षण आधी पूर्ण करावे.

## पायरी १: प्रश्न नेमका ठरवा

‘कोणते उंदीर प्रवण आहेत?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण प्रवणता ही केवळ उंदराच्या जातीची नसते. ती जात आणि औषध या जोडीची असते. ॲड्रियामायसिन मुख्यतः ग्लोमेरुलसमधील पोडोसाइट या गाळणीच्या पेशींना इजा करते, आणि सी५७बीएल/६ उंदीर ती इजा टाळतात. सिस्प्लॅटिन मात्र मूत्रनलिकांच्या पेशींना मारते, आणि त्या अभ्यासासाठी तेच सी५७बीएल/६ उंदीर जगभर सर्रास वापरले जातात. सिस्प्लॅटिनला नलिकेच्या पेशीत आत नेणारे ओसीटी-१ आणि ओसीटी-२ हे दोन्ही वाहक काढून टाकलेल्या उंदरांना त्या औषधाची इजा कमी होते. ॲड्रियामायसिनची कथा पूर्णपणे वेगळ्या जनुकाची आहे. म्हणून ‘मूत्रपिंडाला सहनशील जात’ असे वर्णन कोणी केले, तर कोणत्या औषधाला, हे लगेच विचारावे.

यानंतर आपला प्रश्न पुढील तीनपैकी कोणता आहे ते लिहून ठेवावे. दोन जातींत फरक आहे का, हा पहिला. तो फरक कोणत्या जनुकामुळे आहे, हा दुसरा. आपण अभ्यासत असलेले एखादे तिसरेच जनुक या इजेत भर घालते किंवा ती कमी करते का, हा तिसरा. पहिल्यासाठी दोन जाती पुरतात, दुसऱ्यासाठी संकर करावा लागतो आणि तिसऱ्यासाठी एकाच पार्श्वभूमीवरचे, फक्त एका जनुकात वेगळे असलेले उंदीर लागतात. पहिल्या प्रश्नाच्या रचनेवरून दुसऱ्याचे उत्तर देणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी चूक आहे. एका जातीचे वीस आणि दुसऱ्या जातीचे वीस उंदीर घेतले, तरी जनुकीयदृष्ट्या ती दोनच नमुन्यांची तुलना असते. त्या दोन जातींत लाखो ठिकाणी फरक आहेत आणि त्यातील कोणताही कारणीभूत असू शकतो.

## पायरी २: जात, उपजात आणि कोडॉन २१४०

बाल्ब/सी उंदरांच्या प्रवणतेचे मूळ १६व्या गुणसूत्रावरील पीआरकेडीसी या जनुकात आहे, हे कोलंबिया विद्यापीठातील गटाने २०१० साली दाखवले. हे जनुक डीएनएच्या दुहेरी धाग्यातील तुटी सांधणाऱ्या डीएनए-पीके या विकराचा मुख्य भाग तयार करते. बाल्ब/सीमध्ये त्याच्या २१४०व्या कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लाचा संकेत देणाऱ्या तीन अक्षरांच्या गटात) आर्जिनीनऐवजी सिस्टीन आहे, आणि त्यामुळे विकराचे काम मंदावलेले असते. ॲड्रियामायसिन टोपोआयसोमरेज-२ ला अडवून नेमक्या अशाच दुहेरी तुटी घडवते. पोडोसाइट ही पेशी विभागून स्वतःची जागा भरून काढू शकत नाही, त्यामुळे दुरुस्ती मंद असलेल्या उंदरात तिचे नुकसान भरून निघत नाही.

एवढे समजले की पहिली प्रत्यक्ष कृती आपोआप ठरते. औषधाची बाटली मागवण्याआधी आपल्या वसाहतीतील काही उंदरांच्या कानाचा तुकडा घ्यावा, त्यातून डीएनए काढावा, कोडॉन २१४०च्या भोवतीचा भाग पीसीआरने वाढवावा आणि सँगर पद्धतीने त्याचा क्रम वाचावा. सांकेतिक क्रमातील ६४१८व्या स्थानी सीच्या जागी टी आहे का, एवढेच पाहायचे आहे. काम थोडे आणि स्वस्त आहे, पण सगळ्या पुढच्या कामाचा पाया तेच आहे.

उपजातीचे पूर्ण नाव लिहिण्यात आळस करू नये. ‘बाल्ब/सी’ आणि ‘सी५७बीएल/६’ ही अर्धी नावे आहेत. सी५७बीएल/६जे आणि सी५७बीएल/६एन यांचेच उदाहरण घ्यावे: ‘जे’ उपजातीत मायटोकाँड्रियातील एनएनटी या विकराचे जनुक खंडित आहे, ‘एन’मध्ये ते शाबूत आहे. ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करणाऱ्या औषधाच्या प्रयोगात हा फरक दुर्लक्षून चालत नाही. नॉकआउट (एखादे जनुक निकामी केलेले) उंदीर ‘एन’वर आणि तुलनेचे उंदीर ‘जे’वर, अशी जोडी अनेक प्रयोगशाळांत नकळत वापरली जाते. नॉकआउटच्या वसाहतीला शेजारच्या खोलीतल्या ‘सी५७’ची जोड देणे सोयीचे वाटते खरे, पण तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

इशारा: स्किड (जन्मतः प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या) उंदरांतील उत्परिवर्तनही याच पीआरकेडीसी जनुकात आहे. बाल्ब/सी-स्किड उंदरांसाठी वापरात असलेली मात्रा साध्या बाल्ब/सीच्या जवळपास निम्मी, म्हणजे ५.३ मि.ग्रॅ. प्रति किलो, आहे. ‘प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर’ म्हणून स्किड घेऊन त्याला साध्या उंदराची मात्रा दिली, तर उंदीर मरतात आणि निष्कर्ष भलताच निघतो.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी असाव्यात: उपजातीचे पूर्ण नाव, उंदीर कुठून आणि कोणत्या साली आले, आणि कोडॉन २१४०च्या क्रमाची छापील प्रत.

## पायरी ३: नॉकआउट वापरणार असाल तर आधी गुणसूत्र पाहा

ज्यांचा प्रश्न तिसऱ्या प्रकारचा आहे, त्यांनी ही पायरी सावकाश वाचावी. सर्वांत महागडी चूक येथे होते आणि नेहमीच्या काळजीने ती पकडली जात नाही.

समजा, आपल्याला रस असलेले जनुक १६व्या गुणसूत्रावर पीआरकेडीसीच्या आसपास आहे. त्याचा नॉकआउट मूळ सी५७बीएल/६ उंदरांत तयार झाला होता. ते उंदीर ॲड्रियामायसिनला दाद देत नाहीत, म्हणून आपण नॉकआउटचा बाल्ब/सीशी दहा पिढ्या परतसंकर केला, म्हणजे दर पिढीतील पिलांचा पुन्हा बाल्ब/सीशीच संकर केला, आणि तो आता बाल्ब/सी पार्श्वभूमीवर आला असे मानले. दहा पिढ्यांनंतर उरलेल्या जीनोमचा फार मोठा भाग खरोखरच बाल्ब/सीचा होतो. परंतु ज्या जनुकाची आपण प्रत्येक पिढीत निवड केली, त्याच्या दोन्ही बाजूंचा गुणसूत्राचा तुकडा त्याच्यासोबत येत राहतो. दहा पिढ्यांनंतरही हा तुकडा सरासरी २० सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरील जनुकीय अंतराचे एकक) लांबीचा उरतो. त्या तुकड्यात सी५७बीएल/६चे निरोगी पीआरकेडीसी बसलेले असू शकते.

आता दोन विषमयुग्मी (जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असलेल्या) उंदरांचा संकर करून एकाच पिलावळीतील भावंडे तुलनेसाठी घेतली, तर काय होईल? नॉकआउट पिलांत पीआरकेडीसीच्या दोन्ही प्रती सी५७बीएल/६च्या असतील, म्हणून त्यांना आजार होणार नाही. सामान्य पिलांत दोन्ही प्रती बाल्ब/सीच्या असतील, म्हणून त्यांना आजार होईल. आपण ‘अमुक जनुक काढले की मूत्रपिंड वाचते’ असे लिहून मोकळे होऊ, आणि त्या जनुकाचा मूत्रपिंडाशी काडीचाही संबंध नसेल. भावंडांची तुलना हा सहसा उत्तम उपाय असतो, पण येथे तोही कामी येत नाही, कारण फरक भावंडांतच विभागला गेलेला आहे.

उपाय साधा आहे. जनुक १६व्या गुणसूत्रावर असेल, तर प्रत्येक उंदराचे कोडॉन २१४०चे जनुकप्ररूप स्वतंत्रपणे तपासावे. या प्रवणतेचा अनुवंश अप्रभावी असल्यामुळे बाल्ब/सीची एकच प्रत असलेला उंदीरही सुरक्षित राहतो. म्हणून विषमयुग्मी भावंडेही आजारी पडत नसतील, तर या गफलतीचा संशय आणखी बळकट होतो. आपले जनुक आणि पीआरकेडीसी यांच्यामध्ये गुणसूत्राची अदलाबदल झालेला उंदीर शोधून त्याची नवी वसाहत उभारणे, किंवा क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या साहाय्याने थेट बाल्ब/सी भ्रूणातच नॉकआउट तयार करणे, हे दोन मार्ग उरतात. दुसरा मार्ग मला अधिक विश्वासाचा वाटतो.

जनुक १६वे सोडून इतर कुठल्या गुणसूत्रावर असले, तरी जुन्या नॉकआउटांच्या बाबतीत सावध असावे. त्यातील अनेक १२९ जातीच्या भ्रूणपेशींपासून बनलेले आहेत आणि १२९चा तुकडा जनुकाच्या आजूबाजूला अजून टिकून असतो. मिनिमुगा या सुमारे ११,००० जनुकीय खुणांच्या चिपवर काही उंदीर तपासून घेतले, तर पार्श्वभूमीचा बराचसा अंदाज एकाच फेरीत येतो.

## पायरी ४: परवानगी आणि थांबण्याचे निकष

भारतात संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची लेखी मान्यता मिळाल्याशिवाय यातील काहीही सुरू करता येत नाही. अर्जात उंदरांची संख्या कशी काढली हे दाखवावे लागते, आणि प्राथमिक चाचणीचे उंदीरही त्यात धरावे लागतात. ते वगळून अर्ज केला, की पुढे मात्रा जुळवण्यासाठी उंदीर उरत नाहीत आणि घाईने मुख्य प्रयोग उरकला जातो.

थांबण्याचे निकष सुई लावण्यापूर्वी ठरलेले असावेत. सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घट, खाणेपिणे बंद होणे, पाठीला कुबड काढून न हलता बसणे, पोटात किंवा अंगावर वाढती सूज, यांपैकी काय दिसले की उंदराला वेदनारहित मरण द्यायचे, हे पिंजऱ्यापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असावे. रात्रपाळीच्या परिचरालाही तो कागद वाचता आला पाहिजे. म्हणून तो मराठीत असावा.

## पायरी ५: मात्रा जुळवणे

नर बाल्ब/सी उंदरांसाठी प्रचलित मात्रा ९.८ ते १०.४ मि.ग्रॅ. प्रति किलो आहे. सी५७बीएल/६साठी १३ ते २५ मि.ग्रॅ. इतकी वापरली जाते. पहिल्या आकड्याची अरुंद मर्यादा लक्षात घ्यावी. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम कमी पडला तर आजार होत नाही, आणि तेवढाच जास्त झाला तर उंदीर पहिल्याच आठवड्यात आतड्यांच्या व रक्तपेशींच्या विषबाधेने दगावू शकतो.

हा अर्धा मिलिग्रॅम प्रत्यक्षात किती असतो, ते पाहावे. २५ ग्रॅमच्या उंदरासाठी १० मि.ग्रॅ. प्रति किलो म्हणजे ०.२५ मि.ग्रॅ. औषध, आणि २ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.च्या द्रावणात ते ०.१२५ मि.लि. भरते. अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक म्हणजे या द्रावणाचे जेमतेम सहा मायक्रोलिटर. वेगळी सुई बसवायच्या साध्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी याहून कितीतरी जास्त द्रव अडकून राहतो. म्हणून सुई कायमची जोडलेली इन्सुलिन सिरिंज वापरावी. दुसरा पर्याय विचारात घेऊ नये.

वजनाचेही तसेच आहे. तीन दिवसांपूर्वीच्या २४ ग्रॅम वजनावर मात्रा काढली आणि उंदीर आज २२ ग्रॅम भरला, तर १० ऐवजी १०.९ मि.ग्रॅ. प्रति किलो दिले गेले. प्रवासाने किंवा पिंजरा बदलल्याने वजन सहज उतरते. वजन त्याच सकाळी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करावे.

औषधाच्या दर नव्या बॅचसाठी लहान प्राथमिक चाचणी करावी. एका मात्रेला चार ते पाच बाल्ब/सी उंदीर, दोन किंवा तीन मात्रा आणि दोन आठवड्यांचे निरीक्षण एवढे पुरते. चाचणी आणि मुख्य प्रयोग यांत एकाच बॅचची बाटली वापरावी. लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत) बंद केलेले डॉक्सोरुबिसिन या कामासाठी चालत नाही. शरीरात त्याचा प्रवास वेगळा असतो. औषध खरेदी करणाऱ्या विभागाला हे स्पष्ट लिहून द्यावे.

इशारा: सी५७बीएल/६ उंदरांना आजार होत नाही म्हणून मात्रा दुप्पट करणे हा जनुकीय प्रवणतेच्या अभ्यासात मार्ग नव्हे. मात्रा वाढली की प्रश्न बदलतो. कमी मात्रेत दुरुस्तीच्या क्षमतेतील फरक दिसतो. मोठ्या मात्रेत हृदय, आतडे आणि अस्थिमज्जा यांची विषबाधा त्यात मिसळते आणि मूत्रपिंडाची इजा वेगळी ओळखता येत नाही. दोन्ही जातींना एकाच मात्रेत तपासणे हाच प्रवणतेचा पुरावा आहे.

## पायरी ६: इंजेक्शनचा दिवस

उंदीर सहा ते आठ आठवड्यांचे असावेत आणि आपल्या प्राणिगृहात किमान आठवडाभर स्थिरावलेले असावेत. नर आणि मादी मिसळू नयेत. दोन्ही घ्यायचे असतील, तर दोन वेगळे गट म्हणून घ्यावेत आणि त्यांचे विश्लेषणही तसेच करावे. औषधाच्या इजेत लिंगाचा वाटा मोठा असू शकतो. पॅरासिटामॉलचे उदाहरण प्रसिद्ध आहे: नर उंदरांच्या मूत्रपिंडात सीवायपी२ई१ हे विकर पुंसंप्रेरकामुळे जास्त असते आणि त्यामुळे त्यांच्या मूत्रपिंडाला इजाही जास्त होते.

गट पाडताना एका पिंजऱ्यातील सगळे उंदीर एकाच गटात टाकू नयेत, नाहीतर पिंजऱ्याचा परिणाम आणि औषधाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. चिठ्ठ्या टाकण्याऐवजी संगणकाने काढलेला क्रम वापरावा आणि कोणाला काय दिले याची यादी लघवी मोजणाऱ्या व्यक्तीला देऊ नये.

पुढचा क्रम असा ठेवावा:

१. आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी प्रत्येक उंदराची लघवी घ्यावी. औषधापूर्वीची लघवी नंतर मिळवता येत नाही.

२. वजन करावे, मात्रेचा तक्ता भरावा आणि दुसऱ्या व्यक्तीकडून गुणाकार तपासून घ्यावा.

३. औषध सलाईनमध्ये तयार करून ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळलेल्या नळीत ठेवावे. प्रकाशात ते टिकत नाही. हे काम जैवसुरक्षा कपाटात, दुहेरी हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे.

४. उंदराची शेपूट कोमट पाण्यात किंवा उबदार दिव्याखाली धरून शिरा फुगवून घ्याव्यात. शेपटीच्या बाजूच्या दोन शिरांपैकी एक निवडावी आणि टोकाकडच्या तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी, म्हणजे पहिला प्रयत्न चुकला तर मुळाकडे सरकायला जागा उरते.

५. सुई शिरेला जवळजवळ समांतर ठेवून आत न्यावी. दट्ट्या दाबताना हाताला विरोध जाणवला नाही आणि शिरेचा रंग क्षणभर पुसला गेला, तर सुई शिरेत आहे. विरोध जाणवला किंवा शेपटीवर फिकट फुगवटा आला, तर तत्क्षणी थांबावे.

६. द्रावण सावकाश द्यावे, सुई क्षणभर तशीच धरावी, मग काढून दाबावे.

इशारा: शिरेबाहेर गेलेले ॲड्रियामायसिन ऊती मारते. काही दिवसांत शेपटी काळी पडते, जखम होते आणि उंदराला तीव्र वेदना होतात. अशा उंदराला मिळालेली मात्रा अज्ञात असते. त्याला राहिलेले औषध पुन्हा टोचू नये. त्याची नोंद करून त्याला त्याच दिवशी प्रयोगातून वगळावे आणि पशुवैद्याला दाखवावे. वगळण्याचा हा नियम आधीच लिहिलेला असावा, म्हणजे महिन्यानंतर निकाल पाहून कोणाला वगळायचे असा मोह होणार नाही.

पहिले काही दिवस विष्ठा आणि लघवीतून औषध बाहेर पडते, त्यामुळे भुसा आणि पिंजरा हाताळताना सावध असावे. वापरलेला भुसा, सुया आणि हातमोजे पेशीनाशक औषधाच्या कचऱ्यासाठी ठरवलेल्या, खूण केलेल्या पिवळ्या पिशवीत आणि टोचऱ्या वस्तूंच्या डब्यात जावेत. औषधे न दिलेले उंदीर त्याच पिंजऱ्यात ठेवले असतील, तर भुसा लवकर बदलावा.

## पायरी ७: लघवी, आणि नर उंदराच्या लघवीतील फसवे प्रथिन

अल्ब्युमिन सहसा पाचव्या ते सातव्या दिवशी लघवीत दिसू लागते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी एकाच वेळेस, नमुने घ्यावेत. चयापचय पिंजऱ्यात चोवीस तासांची लघवी मिळते, पण अन्नाचे कण त्यात पडतात आणि एकटे ठेवल्याने उंदरांवर ताण येतो. स्वच्छ पृष्ठभागावर धरून मिळालेला ताजा नमुना बहुतेक कामांना पुरतो.

नमुन्यात एकूण प्रथिन मोजू नये. निरोगी नर उंदराच्या लघवीत मुळातच भरपूर प्रथिन असते. ही गंधसंदेश वाहणारी लहान प्रथिने साधारण २० किलोडाल्टनची असतात, आणि लघवीच्या पट्ट्या व ब्रॅडफर्ड पद्धत त्यांनाही मोजतात. त्यामुळे पट्टीवर ‘प्रथिन दोन अधिक’ दिसले की आजार झाला असे समजणारे विद्यार्थी औषध न दिलेल्या नरांतही आजार पाहतात. लघवीचा थोडासा भाग जेलवर चालवून कूमासी रंग दिला, तर गोष्ट डोळ्यांना दिसते: खाली २०च्या आसपास जाड पट्टा सगळ्याच नरांत असतो, आणि ६६ किलोडाल्टनपाशी, जिथे अल्ब्युमिन असते, तिथला पट्टा फक्त आजारी उंदरांत ठसठशीत होतो. मोजण्यासाठी उंदराच्या अल्ब्युमिनसाठीच बनवलेला एलायझा (प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी) वापरावा आणि लघवी पातळ की घट्ट याचा फरक निघून जावा म्हणून तो आकडा क्रिएटिनिनने भागावा.

क्रिएटिनिन मोजताना जाफे पद्धत टाळावी. उंदरांच्या रक्तात तिला चकवणारे इतर पदार्थ असतात आणि आकडा खोटा वाढतो. विकराधारित पद्धत किंवा द्रवक्रोमॅटोग्राफी वापरावी; लघवी आणि रक्त दोन्हींसाठी एकच पद्धत ठेवावी.

तपासणी: पहिल्या आठवड्यात वजन रोज, नंतर आठवड्यातून दोनदा करावे. लघवीत अल्ब्युमिन न वाढता वजन झपाट्याने उतरत असेल, तर ती मूत्रपिंडाची इजा नसून औषधाची सर्वसाधारण विषबाधा आहे, आणि मात्रा पुन्हा तपासावी लागेल.

## पायरी ८: ऊती

एक मूत्रपिंड उभे कापून त्याचा अर्धा भाग १० टक्के बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. दुसऱ्या मूत्रपिंडाचे तुकडे आरएनए आणि प्रथिनांसाठी लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बाह्य भागाचे एक मिलिमीटरचे तुकडे ग्लुटारअल्डिहाइडमध्ये टाकावेत, कारण पोडोसाइटचे पाय सपाट झाले आहेत का हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

काप दोन ते तीन मायक्रॉनचे असावेत आणि त्यांना पीएएस (पर्आयोडिक ॲसिड-शिफ) रंग द्यावा. जाड कापांत कठीण झालेला भाग लपून जातो. काप घेताना मूत्रपिंडाचा मध्यापर्यंतचा भाग त्यात यावा, कारण आतल्या बाजूच्या, मज्जेलगतच्या ग्लोमेरुलसमध्ये इजा आधी दिसते. फक्त वरच्या थराचे काप पाहिले, तर लवकरची इजा निसटते. दर उंदराचे किमान ५० ग्लोमेरुलस, गट माहीत नसलेल्या व्यक्तीने मोजावेत. एकाच उंदराचे दोन मूत्रपिंड हे दोन नमुने नव्हेत.

## पायरी ९: संकर करून जनुक शोधायचे असेल तर

ज्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, त्यांनी आधी दोन्ही मूळ जाती आणि त्यांची पहिली पिढी एकत्र, एकाच दिवशी, एकाच बाटलीतून तपासावी. बाल्ब/सी आणि सी५७बीएल/६ यांची पहिली पिढी सहनशील असते. यावरून प्रवणता अप्रभावी आहे हे कळते. आई कोणत्या जातीची होती यानुसार दोन्ही प्रकारे संकर करून पाहावेत, म्हणजे मायटोकाँड्रिया किंवा एक्स गुणसूत्राचा वाटा आहे का ते दिसेल.

येथे अनेकांची परतसंकराची दिशा चुकते. प्रवणता अप्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीचा संकर प्रवण जनकाशी, म्हणजे बाल्ब/सीशी, करावा लागतो. त्यातील सुमारे निम्मी पिले त्या ठिकाणी दोन्ही प्रती बाल्ब/सीच्या घेऊन येतात. तोच संकर सी५७बीएल/६शी केला, तर एकही पिलू आजारी पडणार नाही आणि वर्षभराचे श्रम वाया जातील. पहिल्या पिढीतील भावंडांचा आपसात संकर केला, तर चौथा हिस्सा प्रवण निघतो.

दोन्ही प्रती बाल्ब/सीच्या असलेला प्रत्येक उंदीर आजारी पडेलच असे नसते. म्हणून शोधाच्या पहिल्या टप्प्यात आजारी उंदरांवर अधिक विश्वास ठेवावा. निरोगी उंदीर जनुकामुळे निरोगी आहे की योगायोगाने, हे ठरवता येत नाही. सांख्यिकीय उंबरठा कुठलाही तयार आकडा घेऊन ठरवू नये. आपल्याच माहितीची हजार वेळा सरमिसळ करून काढावा.

कोलॅबोरेटिव्ह क्रॉस किंवा डायव्हर्सिटी आउटब्रेड, म्हणजे आठ जातींच्या मिश्रणातून तयार केलेले, उंदीर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यांच्या आठ मूळ जातींत ए/जे, सी५७बीएल/६जे, १२९एस१, एनओडी, एनझेडओ, कॅस्ट, पीडब्ल्यूके आणि डब्ल्यूएसबी आहेत, बाल्ब/सी नाही. त्यामुळे त्या उंदरांत १६व्या गुणसूत्रावर काही सापडले नाही, तर पीआरकेडीसीचे खंडन झाले असे म्हणता येत नाही. त्या आठ जातींत या जनुकाची कोणती रूपे आहेत, हे आधी पाहावे.

शोधलेल्या जनुकाचा अंतिम पुरावा क्रिस्परने मिळतो: प्रवण जातीत तो एकच बदल दुरुस्त केला की संरक्षण मिळते का, आणि सहनशील जातीत तोच बदल घातला की आजार होतो का.

## पायरी १०: आकडे मांडताना

अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर उंदरागणिक शेकडो पटींनी बदलते, म्हणून त्याचे लॉगरूप घेऊन विश्लेषण करावे. प्रत्येक उंदराचा बिंदू आलेखावर दाखवावा. संकरित पिलांत बिंदूंचे दोन स्वतंत्र घोळके पडतात, आणि त्यांची सरासरी काढली तर ती अशा जागी पडते जिथे एकही उंदीर नसतो.

मेलेल्या उंदरांची मोजदाद वगळू नये. प्रवण गटातील सर्वांत आजारी उंदीर आधी मरतात, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेल्यांचीच मूत्रपिंडे पाहिली, तर प्रवण गट होता त्याहून निरोगी दिसतो. किती उंदरांना इंजेक्शन दिले, किती शिरेबाहेर गेले, किती कोणत्या दिवशी मेले किंवा निकषांनुसार मारावे लागले, आणि किती शेवटपर्यंत राहिले, हे एका तक्त्यात असावे. त्याच विभागात उपजातीचे पूर्ण नाव, पुरवठादार, लिंग, वय, इंजेक्शनच्या सकाळचे वजन, औषधाचा बॅच क्रमांक, दिलेले आकारमान आणि प्रत्येक गटाचे कोडॉन २१४०चे जनुकप्ररूप छापावे.